माहुलीमित्राचा शेवटचा वाचक

पडवळ गुरुजी आजचं वर्तमानपत्र कधीच वाचत नसत. ते आठवडाभर जुनं वाचत. शहापूरच्या वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून नुकतीच रुजू झाले होते, तेव्हा एका सकाळी एक उंच, वाळका म्हातारा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. डोक्यावर टोपी, पायात प्लास्टिकच्या चपला, काखेत छत्री. पाऊस संपून दोन महिने झाले होते, तरी छत्री. मी नव्या नोकरीच्या उत्साहात होते. घडीही न मोडलेला त्या दिवसाचा अंक मी त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो छत्रीच्या टोकानं बाजूला सारला, मेलेला उंदीर सारतात तसा.

"हा नको. मागल्या बुधवारचा काढा."

"गुरुजी, हा आजचा आहे. ताजा."

"मासा ताजा घ्यावा, बाई. पेपर ताजा घेऊ नये. आठ दिवस पडू द्यावा. आठ दिवसांत त्यातलं खोटं सडतं, वास सुटतो. मग उघडला म्हंजे नाक कुठं दाबायचं ते कळतं."

मी रद्दीच्या गठ्ठ्यातून मागल्या बुधवारचा अंक काढून दिला. ते खिडकीशी बसले आणि वाचायला लागले. वाचता वाचता बोलायचे, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या अंकात डोळखांबच्या वाटेवरच्या एका मोरीचं काम युद्धपातळीवर सुरू असल्याची बातमी होती. गुरुजी त्याच वाटेवरच्या पाड्यात राहायचे, त्याच मोरीवरून सकाळी एसटीनं आले होते. "युद्धपातळीवर," ते म्हणाले. "मी येताना पायलं. दोनी बाजूचं सैन्य जेवायला गेलेलं दिसतंय. एक फावडं तेवढं शहीद होऊन पडलंय."

मला ते आवडत नव्हते, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक त्याला साखरेच्या पाकात घोळून काढतात. गुरुजी पाकात बसण्यातले नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळांतून आयुष्यभर मास्तरकी केलेला हा माणूस जगातल्या प्रत्येकाला नापास करायलाच जन्माला आला होता. वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं बसतात. त्यांच्याकडे बघून ते म्हणायचे, "हे भावी तहसीलदार. आपल्या गावचा ओढा कुठून येतो ते ठाऊक नाय, अमेझॉनच्या उपनद्या मात्र पाठ." मुलं मान खाली घालून हसायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. माझ्यावर तर त्यांचा विशेष लोभ होता. एकदा 'भाताचे रोग' हे पुस्तक माझ्या हातून पाककलेच्या कपाटात गेलं. गुरुजींनी ते सगळ्यांसमोर बाहेर काढलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "राहू द्या बाई, बरोबर ठेवलंत. खानाऱ्याला आधी कळलेलं बरं." त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं होतं की हा म्हातारा मला या नोकरीत टिकू देणार नाही.

त्यांच्या तावडीत खरा सापडायचा तो संदेश. संदेश हा आमच्या तालुक्याचा बातमीदार. वाचनालयात तो फोन चार्ज करायला यायचा. त्याच्या पानावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन आणि दुःखद निधन यांच्यामधून जी जागा उरायची, तिच्यात बातमी असायची. गुरुजी त्याला म्हणत, "संदेश, तू पत्रकार नाय रे. तू हळदीतला डीजे. ज्यानं भाडं दिलं त्याचं गानं." संदेश चिडायचा नाही. चिडायला जो कणा लागतो तो त्यानं कधी बाळगलाच नव्हता. "गुरुजी म्हंजे लय मोठा मानूस," असं म्हणून तो चार्जर काढायचा आणि निघून जायचा.

आता गंमत अशी, की वर्तमानपत्रांचा इतका तिटकारा असलेल्या या माणसानं निवृत्तीनंतरची सगळी वर्षं एका वर्तमानपत्राचा इतिहास लिहिण्यात घालवली. त्याचं नाव 'माहुलीमित्र'. इंग्रजांच्या अमलात आमच्या शहापुरातून निघणारं हे साप्ताहिक. तेव्हा छपाईचे खिळे जुळवणं सगळ्यांना परवडत नसे, म्हणून दगडावर उलटी अक्षरं उमटवून त्यावरून कागद छापायचे. त्र्यंबकराव नावाचे एक वकील त्याचे संपादक, मालक आणि बहुतेक मजकुराचे लेखकही. गावोगावचे पाटील, लाकडाचे ठेकेदार आणि कचेरीतले कारकून हे वर्गणीदार. काही वर्षं चाललं आणि बंद पडलं. त्याचे मोजके अंक मुंबईच्या एका जुन्या ग्रंथालयात उरलेत. गुरुजी तिथं जाऊन ते हातानं उतरवून आणायचे, कारण फोनवर फोटो काढणं म्हणजे वाचल्याचं सोंग, असं त्यांचं मत होतं.

"चांगलं होतं का हो पत्र?" मी एकदा विचारलं.

"भिकार."

"मग इतकी वर्षं त्याच्यामागं का लागलात?"

"कावीळ चांगली असते म्हनून डॉक्टर तिचा अभ्यास करतो का?"

मग पुढचा अर्धा तास त्यांनी 'माहुलीमित्र'चे असे वाभाडे काढले की त्र्यंबकराव वकील कचेरीच्या पायरीवर उभे राहून साहेबाच्या बग्गीची वाट बघताना मला दिसायला लागले. मुंबईच्या पत्रांतल्या बातम्या उतरवून घ्यायच्या आणि आमच्या खास बातमीदाराकडून असं वर लिहायचं. नवा मामलेदार आला की त्याच्या न्यायबुद्धीची स्तुती, बदलून गेला की त्याच्या न्यायबुद्धीच्या आठवणी. कलेक्टरची स्वारी शिकारीला आली तर मेलेल्या वाघापेक्षा साहेबाच्या मिशीचं वर्णन लांब. "वाघाला वाचता येत असतं तर तो आधीच मेला असता," गुरुजी म्हणाले.

पण त्यांचा खरा राग वेगळ्याच जागी होता, आणि तो कळायला राब म्हणजे काय ते माहीत पाहिजे. आमच्याकडे भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची, तो तुकडा उन्हाळ्यात भाजून काढतात. शेण, ऐनाच्या झाडाची टहाळं, पालापाचोळा, गवत असे थर घालायचे, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. याला राब भाजणं म्हणतात. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. इंग्रजांच्या जंगल खात्यानं टहाळं तोडायला मनाई केली, तेव्हा शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांतून लोकांच्या पोटावर पाय आला. आणि त्या वेळी 'माहुलीमित्र'नं काय केलं, तर राब ही रानटी चाल आहे, इथले लोक आळशी आणि अडाणी आहेत, सरकार त्यांच्या भल्यासाठीच कडक झालंय, असे लेख एकामागून एक छापले. स्वतः वकीलसाहेबांनी कधी चिखलात पाय घातला नव्हता. एवढ्यावरही थांबले नाहीत. चोरून टहाळं तोडणाऱ्यांची नावं गावासकट छापायला लागले. छापलेली नावं वाचून जंगलचे शिपाई घरी यायचे. माणसं दंड भरून उद्ध्वस्त झाली, काही तुरुंगात गेली.

"मग?" मी विचारलं.

"मग लोकांनी पेपरला कामाला लावलं," गुरुजी म्हणाले. "टहाळं तोडायची नायत ना? ठीक हाय. गावच्या पाटलाकडं आलेला 'मित्र' उचलायचा, राबावर ठेवायचा आन् त्याच्यावर काडी ओढायची. गावोगाव. पाटलांनी वर्गन्या बंद केल्या, पेपरापायी लोकांचा मार कोन खानार? वकीलसाहेबांचं दुकान बसलं."

हे त्यांना कुठल्या पुस्तकात मिळालेलं नव्हतं. मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेत मिळालं होतं. दर हिवाळ्यात ते म्हशाला जायचे. सगळी दुनिया जत्रेत पाळण्यात बसायला जाते, हे गुरांच्या बाजारात दावणीशी उकिडवे बसून लांबलांबच्या पाड्यांतल्या म्हाताऱ्यांना एकच प्रश्न विचारायचे: राब कशानं पेटवता? डोळखांबकडचे, मुरबाडकडचे सगळे सांगायचे, कागदानं. आजूबाजूला वाळल्या गवताचे ढीग असतात, मग कागद कशाला? त्याचं उत्तर कुणाला येत नव्हतं. आज्याच्या टायमापासून कागदानंच पेटवतात, एवढंच. एका म्हाताऱ्याला तेवढं ठाऊक होतं. त्याचा आजा म्हणायचा, कागदात आपल्या मानसांची नावं असत, ती शिपायानं वाचायच्या आधी जाळायची.

हे ऐकलं तेव्हा मला माझी सासू आठवली. माझं सासर मुरबाडकडच्या टोकावड्याचं. माझी सासू वर्तमानपत्राचं एक पान घडी घालून आढ्याला खोचून ठेवायची, राबासाठी. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी, शिकलेली सून, तिला म्हटलं होतं की आई, गवत आहे की इतकं. ती म्हणाली, "गवतानं नाय पेटवत गो." मी मनातल्या मनात तिला अडाणी म्हणून मोकळी झाले होते. त्र्यंबकराव वकिलांनी दुसरं काय केलं होतं?

गुरुजींच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी मला फार उशिरा सांगितली. डोळखांबकडून 'माहुलीमित्र'ला ती नावं कळवणारा बातमीदार होता त्यांचाच पणजा. त्या भागात लिहिता-वाचता येणारा एकटाच कुणबी. "साहेबाच्या पेपरात आपला मजकूर छापून येतो म्हंजे काय सुख असेल बघा," ते म्हणाले. "शेजाऱ्याचं नाव कळवायचं, आठवड्यानं ते छापून यायचं, मग तेच देवळात मोठ्यानं वाचून दाखवायचं. माझ्या घरातला पयला लेखक." हे सांगताना त्यांनी छत्री इतकी घट्ट धरली होती की मी दुसरीकडे बघायला लागले. ही हकिकत पुस्तकाच्या पहिल्याच पानावर होती. भावकीतली माणसं त्यावरून त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती. मुलगा महेंद्र विनवायचा, "बाबा, मेलेल्या मानसाला कशाला उकरताव?" त्यावर गुरुजींचं उत्तर ठरलेलं होतं: "पुरलाय कुठं अजून? अंगनात बसलाय तो."

इथं अण्णासाहेबांची स्वारी येते. अण्णासाहेब हे त्र्यंबकराव वकिलांचे पणतू. महामार्ग आल्यापासून जमिनींचे व्यवहार करून माजलेले. मनगटावर इतके रंगीत दोरे, की हात धुतात कसे असा मला प्रश्न पडायचा. पैसा झाला, पद झालं, आता त्यांना पूर्वज हवा होता. घरात पिढ्यान्पिढ्या एक वाक्य चालत आलं होतं, की 'माहुलीमित्र'चे अंक जाळले गेले. कुणी जाळले ते सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती. अण्णासाहेबांनी आपल्या सोयीनं तिथं इंग्रज बसवला आणि बघता बघता मामलेदाराचे जोडे पुसणारे वकीलसाहेब स्वातंत्र्याचे तेजस्वी सेनानी झाले.

वाचनालयाची मागची खोली गळत होती. अण्णासाहेबांनी त्या जागी मोठा हॉल बांधून द्यायची तयारी दाखवली. अट एकच, दर्शनी भिंतीवर संगमरवरी दगड बसवायचा: 'इंग्रज सरकारने ज्यांच्या वृत्तपत्राचे अंक जाळले, त्या झुंजार संपादकाच्या पवित्र स्मृतीस.' आमच्या कार्यकारी मंडळानं चहा संपायच्या आत होकार दिला. हॉल मलाही हवा होताच. पावसाळ्यात ज्ञानकोशांना बादल्या लावायचा मला कंटाळा आला होता. पण गुरुजी गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. ते रोज येऊन मंडळाच्या सभासदांना गाठायला लागले. सभासद त्यांना बघून मागच्या दारानं निघून जायला लागले. शेवटी अण्णासाहेब स्वतः वाचनालयात आले, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि गोड आवाजात म्हणाले, "गुरुजी, तुमचं पुस्तक मी छापतो. जाड कागद, रंगीत कव्हर, प्रकाशनाला मंत्री. फक्त ते राबाचं प्रकरण तेवढं राहू द्या. त्यात तुमच्याच पणजोबांचं नाव येतं. आपल्याच माणसाची बदनामी कशाला?"

"माझा पणजा झाकायचा म्हनून तुमच्याला हार घालू?"

"अहो, गेली ती माणसं. तुम्हाला नक्की पाहिजे तरी काय?"

"पुस्तक नको. पुस्तक गेलं खड्ड्यात," गुरुजी म्हणाले. मी टेबलाशी बसून ऐकत होते, आणि ते पुस्तक छापलं जावं म्हणून हा माणूस किती झुरत होता ते मला माहीत होतं. "दगडावरचे दोन शब्द बदला. 'इंग्रज सरकारने' काढा, 'इथल्या शेतकऱ्यांनी' घाला. बाकी झुंजार म्हना, पवित्र म्हना, काय म्हनायचं ते म्हना."

अण्णासाहेब हसले. "त्यानं काय फरक पडतो?"

गुरुजींचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "त्या लोकांची नावं छापली. त्यांना अडानी म्हनलं, रानटी म्हनलं. त्यांना लिवता येत नव्हतं, उत्तर देता येत नव्हतं. त्यांनी आयुष्यात एकच उत्तर दिलं, ते जाळून दिलं. तेवढंच त्यांचं होतं. तेपन काढून तुमी इंग्रजाला देताव?"

"बघू," अण्णासाहेब म्हणाले. आमच्या तालुक्यात 'बघू' या शब्दाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

होळीच्या आधी उद्घाटन झालं. मांडव, कमान, ढोल, शाली, नारळ, आणि प्रत्येक पाहुण्याच्या नावाआधी शेरोशायरी करणारा एक निवेदक. दगडावरचा पडदा सरला. 'इंग्रज सरकारने' जिथं होतं तिथंच होतं, उलट अक्षरांना सोनेरी रंग चढला होता. मला वाटलं गुरुजी उठून जातील. पण त्यांना व्यासपीठावर ज्येष्ठ इतिहासकार म्हणून बसवलं होतं आणि बोलायला दिलं होतं. ते उभे राहिले आणि सगळं बोलले. स्वच्छ, पुस्तकी मराठीत बोलले, शाळेत धडा शिकवावा तसं. त्र्यंबकरावांनी काय लिहिलं, कुणाला दंड झाले, कोण तुरुंगात गेलं. ज्या घरांतल्या माणसांना शिक्षा झाल्या त्या घरांची नावं घेतली. ती घरं समोर मांडवात बसली होती. मग म्हणाले, "ही नावं कळवणारा माणूस माझा पणजा होता. आणि या वृत्तपत्राचे अंक इंग्रजांनी जाळले नाहीत. तुमच्या आज्या-पणज्यांनी जाळले. हा दगड खोटा आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी चक्रावून मागं बघितलं. माझ्या मागं बसलेला एक माणूस फोनमधून डोकं वर काढून शेजाऱ्याला विचारत होता, "काय बोलले गुरुजी?" शेजारी म्हणाला, "इतिहासाचं. चांगलं बोलले." पणज्याचं नाव निघालं तेव्हा टाळ्या, दंडाचं सांगितलं तेव्हा टाळ्या, दगड खोटा म्हटलं तेव्हा सगळ्यात जास्त, कारण भाषण संपलं हे कळलं होतं आणि मागं पुलाव तयार होता. अण्णासाहेबांनी वाकून नमस्कार केला. निवेदकानं माइक हातात घेतला आणि गुरुजींनी आपल्या ओघवत्या वाणीतून 'माहुलीमित्र'च्या धगधगत्या इतिहासाला उजाळा दिल्याबद्दल त्यांचे शतशः आभार मानले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याच पूर्वजांचा एकुलता एक पराक्रम कानाशी येऊन उभा राहिला आणि या लोकांनी त्याला माशीसारखं हाकललं. गुरुजी खाली उतरले. अंगावरची शाल काढून माझ्या हातात दिली. "हॉल झाला ना, बाई? आता बादल्या धुवून ठेवा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात बातमी होती, फोटोसकट. इंग्रज सत्तेला हादरा देणाऱ्या वृत्तपत्राच्या बलिदानाची गाथा ज्येष्ठ इतिहासकार पडवळ गुरुजींनी सांगताच उपस्थितांचे डोळे पाणावले, असं तिच्यात लिहिलं होतं. मी संदेशला फोन लावला. "अरे, तू होतास ना तिथं?"

"फोटोपुरता व्हतो मॅडम. मला दुसरा प्रोग्राम व्हता. मॅटर अण्णासायबांच्या ऑफिसमदून आलं. चांगलंच लिवलंय ना?"

मी फोन ठेवला. आता माझ्यापुढे वेगळीच पंचाईत होती. गुरुजी हा अंक आठवड्यानं वाचणार होते. तो आठवडा मला कसा गेला ते माझं मला माहीत. अंक हरवला म्हणून सांगावं, चहा सांडावा, पान फाडावं, सगळं मनात येऊन गेलं. हा खाष्ट म्हातारा मला आवडत नव्हता ना? मग मला त्याची एवढी काळजी कशाला? पण त्यांच्यापासून वर्तमानपत्र लपवायचं म्हणजे मीही त्र्यंबकरावांच्याच पंगतीला जाऊन बसले असते. ते आले, खिडकीशी बसले, मी अंक नेऊन ठेवला.

त्यांनी पहिल्या पानापासून नेहमीसारखं वाचलं. आमच्या तालुक्याचं पान आलं तेव्हा हातानं सुरकुत्या सारख्या केल्या. बातमी वाचली. पुन्हा वाचली. आणि मग ते हसायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खांदे हलेपर्यंत हसले. मुलं दारातून डोकावून बघायला लागली.

"बाई, हा अंक मला पायजे."

वाचनालयाचा अंक घरी द्यायचा नाही असा नियम आहे. मी म्हटलं, न्या. मग विचारलं, "कशाला?"

"राब भाजायचाय," ते म्हणाले, आणि ते पान तेवढं काढून, घडी घालून टोपीत ठेवलं.

श्रावणात ते गेले. आवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपली होती. दशक्रियेला मी डोळखांबच्या बाजूला त्यांच्या पाड्यावर गेले. महेंद्रनं मला शेताच्या बांधावर नेलं. होळीनंतर बाबांनी राबावर तो कागद स्वतःच्या हातानं ठेवला, स्वतः काडी ओढली, कुणाला जवळ येऊ दिलं नाही, असं त्यानं सांगितलं. "त्या वाफ्यातलं आवन लय जोरात आलं, मॅडम. ज्याला त्याला बोलावून दाखवायचे. म्हनायचे, पेपरला आयुष्यात पयल्यांदा काम मिळालं." एका पानाच्या राखेनं रोप जोरात येत नसतं, हे मला कळतं, महेंद्रला कळत होतं, गुरुजींना तर नक्कीच कळत होतं. तरी ते हिरवंगार खाचर बघून मला रडू आलं. त्यांचं पुस्तक कुणी छापलं नाही. हातानं लिहिलेलं बाड महेंद्रनं वाचनालयाला दिलं. मी त्याला रीतसर क्रमांक देऊन इतिहासाच्या कपाटात लावलंय, बरोबर त्या सोनेरी अक्षरांच्या भिंतीमागं.

ते गेले त्या संध्याकाळी संदेशचा फोन आला होता. "मॅडम, गुरुजींवर दोन ओळी द्या ना. तुमच्या नावानं टाकतो."

मी म्हटलं, "लिही. पडवळ गुरुजींना वर्तमानपत्रांचा मनापासून तिरस्कार होता, आणि त्याला सबळ कारण होतं."

"वा मॅडम," तो म्हणाला.

मी तो अंक आठवड्यानं उघडला. हल्ली मीही तसंच करते. पडवळ गुरुजींचं वर्तमानपत्रांवर निस्सीम प्रेम होतं, असे भावपूर्ण उद्गार ग्रंथपालांनी काढले, असं छापलं होतं. खाली माझं पूर्ण नाव, आणि गुरुजींच्या फोटोशेजारी अण्णासाहेबांची श्रद्धांजलीची जाहिरात.

ते पान मी नीट घडी घालून कपाटात ठेवलंय. आता ऊन तापायला लागलंय. परवा टोकावड्याला जावेला फोन केला आणि सांगितलं की यंदा राब पेटवायला मी येते, कागद माझा.

"एवढ्या लांबून कागद आनताव?" ती हसली. "हितं काय कागद नाय का?"

"असेल गो," मी म्हटलं. "पण ह्यात माझं नाव छापलंय. तू आगपेटी तेवढी घे."